नाव गुप्त ठेवले आहे

आमच्या संस्थेत माझ्या तोंडापेक्षा माझी पाठ जास्त प्रसिद्ध आहे. पाहुण्यांना बसवतात त्या खोलीच्या भिंतीवर ती टांगलेली आहे. खिडकीकडे तोंड करून मी उभी, केस मोकळे, बाहेर ऊन, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘तिने पुन्हा सूर्य पाहिला.’ सूर्य बघायचा मी कधी सोडला होता देव जाणे. जिथे मला विकून ठेवलं होतं तिथेही सकाळ व्हायची, दुपारी पत्रा तापायचा. आणि फोटो काढला त्या दिवशी मला सूर्यबिर्य काही दिसत नव्हता. समोरच्या गॅरेजात एक माणूस गाडीचं टायर काढत होता. फोटोग्राफर म्हणाला, "मान जरा वर, आशेनं बघा." मी टायरकडे आशेनं बघितलं.

विकलेल्या, फसवून आणलेल्या, कोंडून ठेवलेल्या बायका-पोरींना पोलिसांच्या मदतीने सोडवायचं, या घरात आणून ठेवायचं आणि पायावर उभं करायचं, हे आमच्या संस्थेचं काम. मलाही असंच आणलं. मी पायावर उभी राहिले ती इथेच राहिले, आणि आता पोरींची देखभाल माझ्याकडे आहे. स्वयंपाक, औषधं, किल्ल्या, भांडणं. सगळ्या मला मावशी म्हणतात. संस्था चालवणाऱ्या मॅडम पाहुण्यांसमोर मला ‘तुम्ही’ म्हणतात, एरवी ‘तू’. माझ्या मागे कोणी उभं आहे की नाही हे मला त्यावरूनच कळतं.

मॅडमबद्दल उगाच खोटं बोलणार नाही. बाई धाडसी आहे. दार फोडायची वेळ येते तेव्हा पोलीस एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात आणि ही पुढे असते. एकदा दलालांनी तिच्या गाडीच्या काचा फोडल्या, तर त्याच गाडीत पोरींना घालून, मांडीवर काचा घेऊन ती घरी आली. दार फोडून होईपर्यंत अशी बाई शोधून सापडायची नाही. पंचाईत होते ती त्यानंतर. सोडवलेल्या माणसाचं पुढे काय करायचं हे तिला आजतागायत सुचलेलं नाही, आणि सुचलेलं नाही हे तिच्या लक्षातही आलेलं नाही. म्हणून मेणबत्त्या.

आमच्याकडे येणारी प्रत्येक पोरगी मेणबत्त्या करते. शिकलेली असो, अडाणी असो, तिला गाणं येवो नाहीतर हिशोब येवो, मेण वितळवायचं, साच्यात ओतायचं, वात सरळ धरायची. वासाच्या मेणबत्त्या. ‘मुक्ती’ नावाच्या मेणबत्तीला गुलाबाचा वास येतो आणि ‘नवी पहाट’ला लिंबाचा. घेणारे कोण, तर येणारे पाहुणे. घेताना त्या हुंगतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "किती सुंदर, आणि यामागे केवढं दुःख!" दुःखाचा वास वेगळा येतो हो. लिंबासारखा तर मुळीच येत नाही.

दर आठवड्याला समुपदेशन करायला एक बाई येतात. त्या रंगीत कागद वाटतात आणि म्हणतात, मनातला राग कागदावर काढा. एका पोरीने आमच्या फाटकाचं चित्र काढलं, मोठ्या कुलपासकट. बाईंनी ते ‘अंतर्मनाचं दार’ असं नाव देऊन व्हरांड्यात चिकटवलं. पोरगी बिचारी बाहेर जाऊन केस कापून यायची परवानगी मागत होती.

या सगळ्यात एकटी मुंगी अशी निघाली, की जिला मेणाचा खरंच काही उपयोग झाला.

मुंगी हे मीच ठेवलेलं नाव. वीस-एकविशीची, अंगाने एवढीशी, आणि सतत कुठूनतरी कुठेतरी काहीतरी वाहून नेणारी. मेणबत्त्यांमधलं उरलेलं मेण ती खिशात ठेवायची आणि केसांच्या पिनेने कोरत बसायची. एकदा तिने माझा अंगठा केला, नखावरच्या चिरेसकट. एकदा एका पोरीचा कान केला, तर त्या पोरीने आधी स्वतःचा कान चाचपून पाहिला. मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "फारच छान! पण याला वात कुठे लावणार?"

मुंगीचा एक दात जुन्या मारहाणीत तुटला होता. तो दुखायला लागला म्हणून मी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे टेबलावर कोणाच्यातरी तोंडाचा प्लास्टरचा साचा होता आणि त्यावर मेणाचा एक दात बसवलेला. बाईसाहेब दुखणं विसरल्या. हे कोण करतं, कुठे करतं, कशाने कोरतात, डॉक्टरच्या डोक्याशी भुणभुण. मागच्या गल्लीत दात बनवायचा कारखाना आहे, तिथे होतं हे सगळं, असं डॉक्टर म्हणाला. तोंड बधिर, गाल सुजलेला, अशा अवतारात ती सरळ त्या गल्लीत घुसली आणि मी तिच्या मागे.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. उंच बाकांवर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या डोक्यावर वाकवलेला दिवा, पांढरी धूळ सगळीकडे, आणि भिंतीच्या फळीवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीने मांडलेले. मालकाला सगळे मास्तर म्हणत. डोळ्याला भिंग लावलेला, पांढऱ्या भुवयांचा, कायम कावलेला माणूस. मुंगीने खिशातून तो मेणाचा कान काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"कान कोणी मागितलाय इथे? दात करता येतो का?"

"दाखवलात तर येईल."

"दाखवायला वेळ नाही. बघून शिकायचं. सोमवारपासून ये."

कोणी, कुठली, आधी काय करत होतीस, काही नाही. एवढंच विचारलं, राहतेस कुठे. मुंगी म्हणाली, मावशीकडे. त्यात खोटं काहीच नव्हतं. घरी येताना ती रस्त्याने अर्धा गाल बधिर ठेवून हसत होती, आणि लोक वळून बघत होते.

मग सुरू झालं आमचं रोजचं करमणुकीचं सत्र. मुंगी संध्याकाळी यायची, चप्पल काढायच्या आधी सांगायची, "मावशी, आज मला गाढव म्हणाले!" आणि चेहरा असा, की जसं काही शाल-श्रीफळ मिळालंय. मास्तरांना वाईट काम दिसलं की ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे आणि तोंडाचा पट्टा सोडायचे. "हे दात लावून माणूस जेवणार आहे की घोडा?" "वरचा दात पूर्वेला, खालचा पश्चिमेला, मध्ये काय, बोळ काढायचाय?" पॉलिश करणाऱ्या काकूंना ते ‘महाराणी’ म्हणायचे, प्लास्टर ओतणाऱ्याला ‘मुडदा’ आणि मुंगीला गाढव.

"आणि तुला आवडतं ते?" मी विचारलं.

"अगं, सगळ्यांना तसंच बोलतात ना," ती म्हणाली. "काकूंना जेवढं, तेवढंच मला. दात वाईट झाला म्हणून ओरडतात. बाकी कशासाठी नाही."

तिच्याशी कोण कशासाठी काय बोललंय, ते मला पाठ आहे. आमच्या घरात तिच्याशी सगळे हळू बोलत, जशी काही ती नुकतीच शस्त्रक्रिया होऊन आली आहे. त्या बाकावर मात्र ती फक्त एक नवशिकी होती, आणि नवशिक्याला बोलणी बसतात. त्या बोलण्यांसाठी ती जीव टाकत होती. हळूहळू तिचे दात डब्यात कमी जायला लागले. मग एक दिवस मास्तरांनी तिचा दात भिंगाखाली धरला, काही न बोलता ट्रेमध्ये ठेवला आणि पुढच्या माणसावर ओरडायला गेले. त्या रात्री मुंगी जेवली नाही, एवढी खूश होती.

आता आमच्या घराचा एक नियम आहे. कोणी बाहेर कामाला जायचं तर कामाचा पत्ता सांगायचा. सुरक्षेसाठी, आणि तो नियम मलाही पटतो. मुंगीने पत्ता सांगितला आणि मॅडमसमोर हात जोडले: तिथे कोणाला काही माहीत नाही, तेवढं माहीत होऊ देऊ नका. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. "अगं वेडे, तुझी ओळख म्हणजे माझ्यासाठी पवित्र गोष्ट आहे. तुझं नाव माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही." आणि मॅडमनी तो शब्द अक्षरशः पाळला. हेच तर दुखणं आहे.

आमच्याकडे एक प्रथा आहे. कोणी आमच्या पोरीला कामाला ठेवलं, की संस्था त्या मालकाचा सत्कार करते. काचेचं स्मृतिचिन्ह, फुलं आणि मेणबत्त्यांची टोपली. आतापर्यंत हे सत्कार ठरलेल्या ठिकाणी झाले होते, म्हणजे मॅडमच्याच ओळखीपाळखीत, जिथे पोरीला उपकार म्हणून ठेवलं होतं आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. स्वतःच्या हाताच्या जोरावर, कोणालाही काही न सांगता काम मिळवलेली पोरगी आमच्याकडे आजवर झालीच नव्हती. तेव्हा तिच्या बाबतीत काय करायचं नाही, हे मॅडमना कोण सांगणार?

मी सांगितलं की. गाडीत बसल्यावर सांगितलं, कारण त्याआधी मला कुठे चाललोय हेच माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, पाहुण्यांबरोबर जरा बाहेर जायचंय, चांगले कपडे घाल. मागच्या सीटवर एक देणगीदार नवरा-बायको, पुढे मॅडम, मध्ये मांडीवर मेणबत्त्यांची टोपली घेऊन मी. गाडी दातांच्या कारखान्याच्या गल्लीकडे वळली तशी मी पुढे वाकले.

"मॅडम, इथे नको. इथे कोणाला काही माहीत नाही."

"म्हणून तर नाव घेणार नाही आपण. फोटोही पाठमोरा."

"त्या खोलीत नवी पोरगी एकच आहे, मॅडम."

मॅडम पाहुण्यांकडे बघून गोड हसल्या. "मावशी, तुम्ही नेहमी वाईटच का धरता मनात? हा जुन्या जखमांचा परिणाम असतो," हे शेवटचं पाहुण्यांसाठी. "उलट मालकाचा मान झाला की पोरीची नोकरी पक्की होईल."

मागची बाई पुढे वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही पण... त्यातूनच?"

"हो. मी पण त्यातूनच."

"किती शूर आहात हो तुम्ही."

मला वाटलं, तिला टोपलीतली ‘मुक्ती’ फेकून मारावी. पण मी टोपली धरून बसले. मी उतरून गाडीसमोर आडवं पडायला हवं होतं म्हणता? मलाही तसं वाटतं. पण गाडी थांबली, मॅडम उतरल्या आणि दार उघडून आत गेल्यासुद्धा. दारं उघडण्यात ती बाई कोणाचं ऐकत नाही.

आत मशीन चालू होतं. मुंगी आपल्या बाकावर, भिंग डोळ्याला, हातात तापवलेलं कोरणं. मास्तर कोणावर तरी ओरडत होते. आम्हाला बघून ते ओरडायचे थांबले, मशीनही कोणीतरी बंद केलं. मुंगीने मान वर केली. आधी तिला मॅडम दिसल्या, मग फुलं, मग मी. तिने भिंग काढलं नाही. एक डोळा मोठा, एक लहान, अशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मॅडमनी बोलायला सुरुवात केली. त्यांचा आवाज अशा वेळी एकदम खाली येतो, देवघरात बोलल्यासारखा. "मी फार वेळ घेणार नाही. आमची संस्था देहव्यापारातून सुटलेल्या भगिनींसाठी काम करते. अशाच एका भगिनीला या जागेने कोणताही भेदभाव न करता आपलंसं केलं. तिचं नाव मी घेणार नाही. ते गुप्त आहे आणि गुप्तच राहील. पण त्या अनाम भगिनीच्या वतीने आम्ही या थोर मनाच्या माणसाला वंदन करतो."

पॉलिशवाल्या काकू सोडून बाकी सगळ्यांनी एकाच बाकाकडे बघितलं. काकूंनी नेमकं तेव्हाच फडक्याने आपलं मशीन पुसायला घेतलं. पाहुण्या बाईने टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्याने वाजवल्या. मग प्लास्टरवाल्यानेही वाजवल्या, कारण आता न वाजवणं बरं दिसलं नसतं. एवढ्या टाळ्यांमध्ये मुंगीच्या हातातलं कोरणं निवून गेलं होतं आणि मेणात रुतून बसलं होतं. तिने ते ओढलं, आणि दात दुभंगला.

मास्तरांच्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्यांना ते कुठे ठेवावं कळेना. शेवटी त्यांनी ते जबड्यांच्या फळीवर, जबड्यांच्या मध्ये ठेवलं. मला वाटलं होतं, हा माणूस आता आम्हाला हाकलेल, किंवा तिला. त्यातलं काहीच झालं नाही. तो रडला. मॅडम उजळल्या. परतीच्या वाटेवर त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "बघितलंत? माणुसकी मेलेली नाही."

मुंगीची नोकरी गेली नाही, हे आधी सांगते, कारण मॅडम मला पुढे महिनाभर तेच ऐकवत होत्या. "तू घाबरत होतीस. काढलं का तिला? उलट पगार वाढवला!"

वाढवला ना. तापवलेल्या कोरण्याचं काम जोखमीचं म्हणून तिच्याकडून काढून घेतलं, आणि पगार वाढवला. तिला दारापाशी खुर्ची दिली. डॉक्टरांकडून माणसं साचे घेऊन येतात, त्यांच्याकडून ते घ्यायचे आणि पाणी विचारायचं. काही डॉक्टर मुद्दाम स्वतः यायला लागले. मास्तर त्यांना फळीवरचं स्मृतिचिन्ह दाखवायचे आणि खुर्चीकडे डोळ्यांनी खुणवायचे. प्लास्टरवाला तिला ‘ताई’ म्हणायला लागला आणि ती बाजूने गेली की भिंतीला चिकटायचा. डब्याच्या वेळी बाकीच्या बायका आधी काहीतरी कुजबुजत असायच्या. ती आली की सगळ्यांना एकदम तिच्यासाठी जागा करायची घाई व्हायची, एवढी, की मध्ये एक माणूस सहज बसेल एवढं अंतर पडायचं.

संध्याकाळी ती यायची आणि चप्पल काढून आत जायची. मी विचारायचे, आज काय म्हणाले गं मास्तर? ती म्हणायची, "काही नाही. बाळ म्हणाले."

एक दिवस ती खुर्चीवरून उठली आणि जाऊन आपल्या जुन्या बाकावर बसली. मला हे तिनेच सांगितलं, चूल पुसता पुसता. पुढच्या दातांची एक कवळी तयार होऊन द्यायची होती. तिने ती घेतली आणि त्यातला एक दात, सगळ्यांदेखत, मुद्दाम, वाकडा बसवला. असा वाकडा, की आंधळ्यालाही दिसावा. मग ती कवळी नेऊन मास्तरांच्या हातात दिली आणि उभी राहिली.

"मग?"

"त्यांनी भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील घोडा. आता डब्यात टाकतील." तिने फडकं पिळलं. "ते म्हणाले, असू दे हं बाळ. तुझ्यावर काय काय गेलंय. होईल हळूहळू."

जगात एक जागा तिने अशी शोधून काढली होती, की जिथे तिचा दात वाईट झाला तर दात वाईट झाला एवढंच होतं. तिथेही आता दात कसाही असो, तो बिचारीचा दात होता. मारणाऱ्यांपासून माणूस लपून राहू शकतं. या कनवाळू लोकांपासून कुठे लपणार? ते टाळ्या वाजवत आत येतात.

काकूंनी मार्ग काढला. त्या एकट्याच अशा होत्या, की पहिल्या दिवसापासून तिच्याशी खेकसून बोलत होत्या आणि सत्कारानंतरही खेकसतच राहिल्या. त्यांच्या नणंदेचा दीर दुसऱ्या शहरात हेच काम करतो. "तोंड फार घाण आहे त्याचं," काकू म्हणाल्या, "चालेल का?" मुंगीने मान डोलावली. "मग जा. आणि तिथे कोणाला पत्ताबित्ता देत बसू नकोस, गाढवे."

फाटकाची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी भाजीवाली येते तेव्हा मी ते उघडते, आणि त्या दिवशी भाजी आत आली, मुंगी बाहेर गेली. सज्ञान पोरगी, स्वतःच्या पायांनी चाललेली, तिला अडवायचा कोणालाच अधिकार नव्हता. पिशवी खांद्याला लावून ती एवढंच म्हणाली, "मावशी, मॅडमना काय सांगशील?"

"ते मी बघते. तू चाल."

दुपारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. डोळे लाल झालेले होते, आणि पाहुणे कोणी नव्हते, म्हणजे ते खरे होते.

"कुठे गेली ती? तुला माहीत असणार."

आता इथे मी काय सांगू? दुसऱ्या शहरात, चांगल्या कामाला गेली म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, कुठे. मग फोन. मग एक दिवस गाडी, फुलं आणि टोपली. आमच्या संस्थेला स्वतःच्या जिवावर उभी राहिलेली पोरगी एकच मिळाली होती. तिला मॅडम सुखाने उभी राहू देणार होत्या होय? माहीत नाही म्हटलं, तर पोलिसांत हरवल्याची तक्रार. फोटो सगळीकडे, तपास, आणि शेवटी त्या नव्या कारखान्याच्या दारात पुन्हा हीच कथा. पळून जाणाऱ्या पोरींबद्दल मॅडमना एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि ती सांगितली की त्या लगेच विश्वास ठेवतात. मी ती सांगितली.

"परत गेली, मॅडम. जुन्या ठिकाणी."

मुंगीच्या नावाला एवढी घाण मी स्वतःच्या तोंडाने लावली. ज्या खड्ड्यातून ती निघाली त्यात मी तिला परत ढकललं, निदान या ऑफिसातल्या खुर्चीवरून बघताना तरी. मॅडम टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मला वाटलं, झालं, आता पुढच्या पाहुण्यांना हिची गोष्ट ऐकवतील आणि विषय संपेल. एवढंच ओळखत होते मी त्यांना.

संध्याकाळी त्यांनी गाडी काढली. पोलीस नाहीत, पाहुणे नाहीत, फोटोग्राफर नाही. "चल," मला म्हणाल्या, "तुला ती गल्ली माहीत आहे."

माहीत आहे. मुंगीला जिथून सोडवलं तिथूनच, कितीतरी आधी, मलाही सोडवलं होतं. इतक्या वर्षांत त्या गल्लीत मी पाऊल टाकलं नव्हतं. जिने तेच, पत्रे तेच, दारातल्या बायका नव्या. मी गाडीतून उतरले नाही. मॅडम उतरल्या. एकेका दाराशी जाऊन विचारायला लागल्या. दलालांनी ओळखलं त्यांना. एकाने अंगावर पाणी ओतलं. एकाने असं काही म्हटलं, की मी काच वर केली. मॅडम ओल्या कपड्यांनी पुढच्या दाराशी गेल्या. "एवढीशी पोरगी, अंगाने बारीक, हाताला मेणाचे चटके. बघितलीत का? मी तिला रागावणार नाही म्हणावं. नुसतं बाहेर ये म्हणावं." प्रत्येक दाराशी तेच. एका म्हातारीने त्यांच्या तोंडावर दार लावलं, तर त्यांनी ते पुन्हा ठोठावलं.

मी आत बसून बघत होते. एका हाकेचं काम होतं. काच खाली करून म्हणायचं, मॅडम, या परत, ती इथे नाही, ती बरी आहे. माझं तोंड उघडलं नाही. त्या बाईवर मी जेवढा राग धरला होता तो सगळा जागच्या जागी होता, आणि तरी ती भिजलेली पाठ मला बघवत नव्हती. हे दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला मी काय करू?

गल्ली संपेपर्यंत त्यांनी एक दार सोडलं नाही. मग येऊन गाडीत बसल्या. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"आतल्या बाजूच्या खोल्या राहिल्या," त्या म्हणाल्या. "उद्या परत येऊ."

मी म्हटलं, "येऊ."